मुख्याध्यापक होण्याआधी: सहशिक्षक असतानाच शैक्षणिक नेतृत्व कसे घडवावे

जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत काही वर्षे शिकवल्यावर ज्यांना मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख (जवळच्या काही शाळांच्या गटाचा प्रमुख) किंवा पुढे विस्तार अधिकारी (अशा गटांवर देखरेख करणारा) व्हावेसे वाटते, ते शिक्षक तयारीला लागतात ते बहुधा शासन निर्णयांच्या संचापासून. सेवाशर्ती, रजेचे नियम, शिस्त व अपील, पोषण आहाराच्या नोंदी, संच मान्यता (पटसंख्येनुसार शिक्षकपदांची मंजुरी) यांचा अभ्यास होतो, आणि तो व्हायलाच हवा. परंतु शाळेतील मुले प्रत्यक्षात किती शिकतात यावर ज्या कौशल्याचा परिणाम होतो, ते या संचात सापडत नाही. दुसऱ्या शिक्षकाच्या वर्गात बसून मुलांच्या विचारात काय चालले आहे हे ओळखणे, त्याविषयी त्या शिक्षकाशी असे बोलणे की पुढची तासिका बदलेल, आणि शाळेचा वेळ, पैसा व माणसे त्या बदलाच्या पाठीशी उभी करणे, हे शैक्षणिक नेतृत्वाचे खरे काम आहे. दप्तराची कामे वर्ष-दीड वर्षात अंगवळणी पडतात. वर्ग पाहण्याची नजर तयार व्हायला मात्र कितीतरी अधिक काळ लागतो, म्हणून पदाची वाट न पाहता ती सहशिक्षक असतानाच घडवायला घ्यावी, असे माझे ठाम मत आहे.

या मताला संशोधनाचाही आधार आहे. मुख्याध्यापकांच्या कामाची निरनिराळी अंगे आणि विद्यार्थ्यांची संपादणूक यांचा संबंध तपासणाऱ्या अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण न्यूझीलंडमधील व्हिव्हियन रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केले. शिक्षकांच्या शिकण्याला चालना देणे आणि त्यात स्वतः सहभागी होणे, या अंगाचा परिणाम त्यात सर्वांत मोठा आढळला. यातील ‘स्वतः सहभागी होणे’ हा भाग नवोदितांनी विशेष लक्षात ठेवावा, कारण त्यासाठी कोणत्याही नेमणूक आदेशाची गरज नसते.

आधी वाट माहीत करून घ्यावी

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ याच्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत १५० पेक्षा अधिक मुले असतील, किंवा सहावी ते आठवीच्या वर्गांत १०० पेक्षा अधिक मुले असतील, तेव्हा स्वतंत्र मुख्याध्यापक असावा अशी अपेक्षा आहे. याचा व्यवहारातील अर्थ असा की, लहान गावांतील आणि वाड्या-वस्त्यांवरील बहुसंख्य शाळांत सेवाज्येष्ठ शिक्षकाकडेच प्रभार असतो आणि त्याला स्वतःचा वर्ग सांभाळून शाळा चालवावी लागते. तुमच्यावर ही वेळ कधी येईल हे ज्येष्ठता यादी, बदल्या आणि निवृत्ती यांवर अवलंबून असते आणि ती फारशी पूर्वसूचना न देता येते.

केंद्रप्रमुखांची पदे काही प्रमाणात पदोन्नतीने आणि काही प्रमाणात मर्यादित विभागीय स्पर्धा परीक्षेने भरली जातात. ही परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. पात्रतेच्या अटी बदलत असतात, त्यामुळे मित्राच्या मोबाइलवर फिरत आलेल्या जुन्या पत्रकावर विसंबू नये, चालू अधिसूचना मुळातून वाचावी. खाजगी अनुदानित शाळांतील शिक्षकांनी १९७७ चा खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा अधिनियम आणि १९८१ ची नियमावली वाचावी, आणि दरवर्षी ज्येष्ठता यादीवर सही करण्यापूर्वी आपली नेमणूक तारीख व अर्हता बरोबर नोंदली आहे ना, हे पाहावे. वाटेविषयी एवढी माहिती सुरुवातीला पुरेशी आहे.

स्वतःच्या वर्गाचा पुरावा

इतरांच्या अध्यापनाविषयी बोलण्याचा अधिकार स्वतःच्या वर्गातून मिळतो. ‘माझा वर्ग चांगला आहे’ या विधानाला सहकाऱ्यांमध्ये किंमत नसते. ‘जूनमध्ये माझ्या तिसरीतील इतकी मुले अनोळखी उतारा वाचू शकत नव्हती, आज त्यांपैकी इतकी समजून वाचतात, आणि उरलेल्यांची अडचण ही आहे’, हे वहीसह दाखवता येणाऱ्या शिक्षकाचे म्हणणे लोक ऐकतात.

सुरुवात वाचनापासून करावी. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजपूर्वक वाचावेत आणि ९९९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात, असे लक्ष्य ठेवले आहे. पाठ्यपुस्तकातील धडा मुलांना ऐकून पाठ झालेला असतो, त्यामुळे तपासणीसाठी पुस्तकाबाहेरचा सोपा उतारा घ्यावा. प्रत्येक मुलाला बाजूला बसवून एक मिनिट वाचायला द्यावे, बरोबर वाचलेले शब्द मोजावेत आणि मग उताऱ्यावर दोन प्रश्न विचारावेत, त्यांपैकी एकाचे उत्तर थेट उताऱ्यात नसावे. शब्द भराभर वाचणारी पण दुसऱ्या प्रश्नाला गप्प बसणारी मुले आणि अडखळत वाचूनही अचूक उत्तर देणारी मुले असे दोन गट लगेच समोर येतात, आणि दोघांना लागणारे साहाय्य अगदी वेगळे असते. केवळ शब्दसंख्या भरून पाठवणाऱ्या तक्त्यात हा फरक नाहीसा होतो. हा फरक ज्याने स्वतःच्या वर्गात एकदा नीट पाहिला, तो पुढे केंद्राचा अहवाल वाचताना आकड्यामागे काय दडले असेल हे विचारायला चुकत नाही.

या नोंदी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदींशी जोडाव्यात. ‘चांगला प्रयत्न करतो’, ‘सुधारणा आवश्यक’ अशी साचेबंद वाक्ये टाळून ‘जोडाक्षर आले की पहिले अक्षर सोडून वाचतो’ असे लिहायची सवय लावून घ्यावी. अशी नोंद पुढच्या इयत्तेच्या शिक्षकाच्या उपयोगी पडते.

दुसऱ्याचा वर्ग पाहायला शिकणे

तयारीतील सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे, आणि त्याची संधी मागून घ्यावी लागते. आपल्याकडे वर्गात येणारा माणूस म्हणजे तपासणी करणारा साहेब, अशी धारणा खोलवर रुजलेली असल्याने सहकाऱ्याने ‘तुमचा तास बघू का?’ असे विचारले तरी शिक्षक सावध होतात. म्हणून सुरुवात ज्येष्ठ आणि ज्यांचे अध्यापन तुम्हाला मनापासून आवडते अशा शिक्षकापासून करावी. ‘गुरुजी, तिसरीच्या मुलांना वजाबाकी तुम्ही कशी देता ते मला पाहायचे आहे, माझ्या वर्गात तिथेच गाडी अडते’, असे म्हटल्यावर नकार क्वचितच मिळतो. त्यानंतर त्यांना आपल्या वर्गात बोलवावे. द्विशिक्षकी शाळेत हे जमवणे अवघड असते, तरीही मोठ्या मुलांना स्वयंअध्ययनाचे काम देऊन किंवा शेजारच्या शाळेशी बोलून महिन्यातून एखादी तासिका काढता येते.

वर्गात मागच्या भिंतीला टेकून बसू नये, तिथून फक्त शिक्षक दिसतो. बाजूला, मुलांचे चेहरे आणि वह्या दिसतील असे बसावे. वहीत डावीकडे वेळ लिहावी, मध्ये शिक्षक काय म्हणाले आणि उजवीकडे मुलांनी काय केले ते लिहावे. ‘छान’, ‘प्रभावी’, ‘रटाळ’ अशी विशेषणे त्या वेळी लिहूच नयेत. अशा नोंदीचा एक नमुना पाहा:

‘११.१० – बाई फळ्यावर ५२ वजा २७ मांडतात. दशक सुटा करण्याची कृती बोलून दाखवतात. ११.१४ – मुले उतरवून घेतात. ११.१६ – बाई ६३ वजा १८ देतात. ११.१९ – दुसऱ्या रांगेतील मुलगी ५५ लिहिते, शेजारचा मुलगा तिचे पाहून ५५ लिहितो. खिडकीजवळील मुलगा बोटे मोजतो, ४५ लिहितो. ११.२१ – बाई विचारतात, समजलं ना? वर्ग एका सुरात हो म्हणतो. ११.२२ – पुढचे उदाहरण.’

या नोंदीत पाहण्यासारखे बरेच आहे. ५५ हे उत्तर हलगर्जीपणाने आलेले नाही. त्या मुलीने प्रत्येक स्थानावर मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे, म्हणजे ८ मधून ३ आणि ६ मधून १. तिचा एक नियम आहे आणि तो ती काटेकोरपणे पाळते. त्यामुळे तीच रीत पुन्हा फळ्यावर करून दाखवल्याने तिची अडचण सुटणार नाही, तिला सहा दशक आणि तीन सुटे हातात घेऊन अठरा काढून द्यायला सांगावे लागेल. दुसरे असे की, ‘समजलं ना?’ या प्रश्नाला आलेल्या होकारातून बाईंना कोणतीच माहिती मिळाली नाही. आणि ज्याला उत्तर आले त्यानेही ते मोजून काढले असण्याची शक्यता आहे, म्हणजे दशक सुटा करणे त्याला कळले की नाही हे अजून माहीत नाही. बारा मिनिटांच्या नोंदीतून एवढे हाती लागते, आणि ‘पाठ चांगला झाला, साहित्याचा वापर वाढवावा’ हा शेरेबुकात सर्रास आढळणारा शेरा त्याच्या जवळपासही पोहोचत नाही.

तासिकेनंतरचे बोलणे

निरीक्षण झाले त्याच दिवशी, इतर कोणी नसताना, पंधरा-वीस मिनिटे बसावे. वही उघडून सहकाऱ्यासमोर ठेवावी, तुम्ही लिहिलेले त्यांना वाचू द्यावे. बोलण्याची सुरुवात मुलाच्या कामापासून करावी: ‘बाई, या मुलीने ५५ लिहिले आहे. तिने ते कसे काढले असेल असे तुम्हाला वाटते?’ या प्रश्नानंतर थांबायला शिकावे लागते, आणि नवोदितांना तेच सर्वांत जड जाते. आपल्याला उत्तर माहीत असते, ते सांगून टाकावेसे वाटते. परंतु बाईंनी स्वतः त्या मुलीचा नियम शोधून काढला, तर उद्या दुसऱ्या मुलाच्या वहीतही त्या तो शोधतील.

शेवटी एकच गोष्ट ठरवावी. उद्याच्या तासिकेची पहिली दहा मिनिटे काड्यांचे गठ्ठे आणि सुट्या काड्या घेऊन करायची, आणि ‘समजलं ना?’ऐवजी तीन मुलांना उत्तर कसे काढले ते सांगायला लावायचे, एवढे पुरे. पाच-सहा सूचना दिल्या तर एकही अमलात येत नाही. मग तीन-चार दिवसांनी पुन्हा पाच मिनिटे वर्गात डोकवावे, कारण परत न येणाऱ्या निरीक्षकाचे बोलणे शिक्षक विसरून जातात आणि त्यात त्यांची चूक नसते.

काही पथ्ये कटाक्षाने पाळावीत. वर्गात पाहिलेले स्टाफरूममध्ये बोलू नये. वर्गाचे किंवा चुकलेल्या वहीचे छायाचित्र कोणत्याही गटावर टाकू नये. मुलांसमोर शिक्षकाला दुरुस्त करू नये. पुढे पद आल्यावर साहाय्यासाठीचे निरीक्षण आणि गोपनीय अहवालासाठीचे मूल्यमापन ही दोन कामे वेगळी ठेवावीत, आणि कोणत्या कामासाठी आलो आहोत ते आधीच स्पष्ट सांगावे. एकदा का मदतीसाठी म्हणून पाहिलेला वर्ग अहवालात उतरला, की त्या शाळेत पुढची कित्येक वर्षे तुम्हाला फक्त सजवलेले पाठ पाहायला मिळतील.

शिक्षण परिषदेचा उपयोग

जवळच्या शाळांनी एकमेकींच्या आधाराने काम करावे, ही शाळा-संकुलाची कल्पना १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने मांडली होती. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातले, गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत सहभागी असलेले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही याच कल्पनेचा पुन्हा पुरस्कार केला आहे. आपल्या राज्यात केंद्र शाळा आणि केंद्रस्तरावरील शिक्षण परिषद (केंद्रातील शिक्षकांची एकत्र सभा) या व्यवस्थेमुळे तिच्यासाठी लागणारी बैठक तयारच आहे. अडचण अशी होते की परिषदेचा बराचसा वेळ पत्रके वाचण्यात आणि माहिती मागण्यात जातो. सहशिक्षकाला केंद्रप्रमुखांकडे त्यातला अर्धा तास मागता येतो, आणि बहुतेक केंद्रप्रमुखांना तो मागणारा माणूस हवाच असतो.

त्या अर्ध्या तासात भाषण करू नये. प्रत्येक शिक्षकाला एकाच प्रश्नाची तीन मुलांनी सोडवलेली उत्तरे आणायला सांगावी, ती टेबलावर पसरून गुणांनुसार न लावता चुकीच्या प्रकारानुसार लावावीत, आणि सर्वांत मोठ्या ढिगाविषयी बोलावे. आपल्याच वर्गात आहे असे वाटणारी अडचण आठ-दहा शाळांत आहे हे दिसले की शिक्षकांची भीड चेपते.

सातारा तालुक्यातील कुमठे बीटमध्ये (बीट म्हणजे विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालील शाळांचा विभाग) विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तेथील शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने, म्हणजे मूल स्वतः करून शिकेल अशा रीतीने, वर्ग उभे केले, आणि २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाल्याच्या काळात राज्याच्या कानाकोपऱ्यातून शिक्षक ते वर्ग पाहायला गेले. पर्यवेक्षीय अधिकाऱ्याने अध्यापनात लक्ष घातले तर काय घडू शकते, याचे हे आपल्या मातीतले उदाहरण आहे. मात्र रंगवलेली फरशी आणि साहित्याचे कोपरे एका महिन्यात उचलता येतात, पण त्यांमागचे शिक्षकांचे आपसातील बोलणे आणि मुलांवरचा विश्वास उचलायला वेळ लागतो. चांगली शाळा पाहायला गेल्यावर भिंतींची छायाचित्रे कमी काढावीत आणि तेथील शिक्षकांना ‘सुरुवातीला काय जमले नाही?’ हे विचारावे.

वेळेचा हिशेब

अधिनियमाच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० कामाचे दिवस आणि ८०० अध्यापन तास, तर सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास दिले आहेत. प्राथमिकचा हिशेब दिवसाला चार तासांचा झाला. रोज लांबलेला परिपाठ, पोषण आहाराची ओळ आणि ‘तातडीने माहिती भरा’ असा निरोप यांत मिळून अर्धा तास गेला, तर २०० दिवसांत १०० तास, म्हणजे अध्यापनाचे २५ पूर्ण दिवस जातात. दोन आठवडे आपल्या वर्गापुरती, कोणालाही दोष न देता, गेलेल्या मिनिटांची आणि कारणांची नोंद ठेवावी. ती मुख्याध्यापकांसमोर तक्रार म्हणून न मांडता उपाय घेऊन मांडावी: ऑनलाइन माहिती भरण्यासाठी शाळा सुटल्यानंतरची ठरावीक वेळ, आहार वाटपाच्या ओळींची वेगळी रचना, परिपाठाला घड्याळ.

वेळापत्रक करण्याचे काम बहुतेकांना नकोसे असते, म्हणून ते मागून घ्यावे. भाषा आणि गणित मुले ताजी असतानाच्या तासिकांत बसवणे, एकाच इयत्तेच्या दोन तुकड्यांच्या शिक्षकांना आठवड्यातून एक समान मोकळी तासिका मिळवून देणे, जोडवर्गात (एकाच शिक्षकाकडे एकत्र बसणाऱ्या दोन इयत्तांत) एका इयत्तेला थेट अध्यापन चालू असताना दुसरीला नेमके कोणते काम असेल हे लिहून ठेवणे, हे सर्व निर्णय वेळापत्रकातच होतात. कागदावर दिसायला साधे असलेले हे काम शाळेच्या अध्यापनावर फार मोठा परिणाम करते.

दप्तर आणि समिती

दर महिन्याला एक नोंदवही मुख्याध्यापकांच्या परवानगीने नीट वाचावी: जनरल रजिस्टर (मुलांच्या प्रवेशाची नोंदवही), कीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही), साठा नोंदवही, पोषण आहाराची नोंद, यू-डायस प्लस या शाळांच्या ऑनलाइन माहिती प्रणालीतील माहिती, शाळा व्यवस्थापन समितीचे इतिवृत्त. जनरल रजिस्टरमधील जन्मतारखेची खाडाखोड किंवा कीर्दीतील न जुळणारी शिल्लक हे प्रश्न प्रभार घेतल्यावर कळले तर जड जातात, म्हणून ते आधी पाहायला शिकावे.

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानुसार तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असतात. इतिवृत्त लिहिण्यात मदत करण्याची तयारी दाखवावी आणि प्रत्येक सभेच्या विषयपत्रिकेत मुलांच्या शिकण्याविषयीचा एक विषय असावा असा आग्रह धरावा. सभेत दोन मुलांनी पालकांसमोर वाचून दाखवले, तर शाळा विकास आराखड्यावरची चर्चा कुंपण आणि रंगकामाच्या पलीकडे जाते. आराखड्यात ‘गुणवत्ता वाढवणे’ असे न लिहिता कोणत्या इयत्तेतील किती मुलांना कोणती गोष्ट कधीपर्यंत यावी आणि त्यासाठी कोणता खर्च लागेल, असे लिहावे. शाळासिद्धी या शाळांच्या मूल्यमापन कार्यक्रमातील स्वयंमूल्यमापनाची सात क्षेत्रे या वेळी डोळ्यांखालून घालावीत, विशेषतः अध्ययन-अध्यापन आणि शिक्षकांचा व्यावसायिक विकास ही दोन.

अभ्यास आणि पुराव्याची फाइल

नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका नोकरी सांभाळून करता येते आणि शिक्षकांमध्ये ती परिचित आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्थेत शाळा नेतृत्वासाठी स्वतंत्र राष्ट्रीय केंद्र आहे, त्याचे साहित्य वाचावे. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतील अधिव्याख्यात्यांशी ओळख ठेवावी आणि कृतिसंशोधन करताना त्यांना विचारावे. राष्ट्रीय धोरणाने शिक्षकांकडून आणि मुख्याध्यापकांकडून वर्षाला ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. ते तास केवळ प्रमाणपत्रांनी भरू नयेत, त्यातील निदान काही तास एकमेकांचे वर्ग पाहण्यात जावेत.

एक फाइल तयार करावी. तिच्यात निरीक्षणाच्या नोंदी, सहकाऱ्याशी ठरलेली कृती, पुन्हा पाहिल्यावर दिसलेला बदल, आणि बदल दिसला नसेल तर त्याचे तुमच्या मते कारण, एवढे असावे. सहकाऱ्याचे व मुलांचे नाव लिहू नये. विभागीय परीक्षेत किंवा मुलाखतीत ‘शिक्षक नीट शिकवत नसेल तर काय कराल?’ असा प्रश्न आला की ज्याच्याजवळ ही फाइल असते, तो नोटीस आणि समज यांच्या आधी करायच्या गोष्टी सांगू शकतो.

प्रभार हाती आला की आधी दप्तराची यादीनुसार तपासणी करून, उणिवा यादीवरच नमूद करून सही करावी. त्यानंतर लगेच, पहिल्या आठवड्यातच, वेळापत्रकात स्वतःच्या नावापुढे वर्गनिरीक्षणाच्या दोन तासिका लिहून टाकाव्यात आणि त्या वेळेत बैठक किंवा माहितीचे काम घेऊ नये. पहिले निरीक्षण मात्र स्वतःच्याच वर्गाचे करवून घ्यावे: शाळेतील सर्वांत नवीन शिक्षकाला वही देऊन बाजूला बसवावे, डावीकडे वेळ आणि उजवीकडे मुलांनी काय केले ते लिहायला सांगावे, आणि त्या शनिवारच्या बैठकीत ती नोंद सर्वांसमोर त्यांच्याकडूनच वाचून घ्यावी.